जर्मनीतले पहिले सहा महिने: कोकणातून शिकायला जाणाऱ्यांसाठी

रत्नागिरी, चिपळूण, कणकवली, मालवणकडची मुलं पूर्वी शिकायला फार तर पुण्या-मुंबईला जायची. आता त्यातली बरीच पुढे जर्मनी गाठतात. कारण सरळ आहे: तिथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणीची फी नसते. (बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात मात्र युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना सेमेस्टरला १,५०० युरो भरावे लागतात, आणि म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानेही २०२४ पासून फी लावली आहे.) प्रवेश आणि व्हिसा यांची माहिती कुठेही मिळते. पण उतरल्यावर आधी कुठल्या ऑफिसात जायचं, खोलीत बुरशी का येते, कुळथाची पिठी नेता येते का, परीक्षेच्या दिवशी ताप आला तर काय करायचं, हे कोणी नीट सांगत नाही. मी तिथे शिकले. आमच्या भागातलं कोणी निघालं की त्याच्या घरून मला फोन येतो. फोनवर जे सांगते तेच इथे सविस्तर लिहिते आहे. व्हिसा हातात आला आहे असं धरून सुरुवात करू. आईवडिलांनीही हे वाचावं, कारण अर्धी तयारी घरच्यांची असते.

निघण्याची तारीख

हिवाळी सेमेस्टर कागदोपत्री १ ऑक्टोबरला सुरू होतं. विद्यापीठांत प्रत्यक्ष व्याख्यानं ऑक्टोबरच्या मध्यावर लागतात. फाखहोखशुले, म्हणजे उपयोजित विज्ञानाची महाविद्यालयं, बऱ्याचदा थोडी आधी सुरू होतात. त्यामुळे प्रत्येक घरात एकच प्रश्न: गणपती करून जाऊ का? २०२६ मध्ये चतुर्थी १४ सप्टेंबरला आहे. राहायची खोली पक्की झाली असेल तर खुशाल गणपती करून निघा. खोली नसेल तर माझं स्पष्ट मत आहे की सप्टेंबरच्या सुरुवातीलाच पोहोचा, कारण ऑक्टोबरच्या तोंडावर सगळ्या देशातले विद्यार्थी एकाच वेळी खोल्या शोधत असतात.

गणपती करून निघणाऱ्यांनी परतीची गर्दी विसरू नये. गौरी-गणपतीच्या विसर्जनानंतर कोकण रेल्वे आणि महामार्ग दोन्ही चाकरमान्यांनी भरलेले असतात. विमानाच्या वेळेला जेमतेम पुरेल असा प्रवास आखू नका. आदल्या दिवशी मुंबईत कोणाकडे तरी मुक्कामाला पोहोचा.

पैसा: कधी हातात येतो, कधी लागतो

व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे ११,९०४ युरो ठेवावे लागतात. त्यातून महिन्याला ९९२ युरोच बाहेर येतात. पैसे एवढे आहेत म्हणून पहिल्याच आठवड्यात ते वापरता येतील असं नाही. खातं चालू व्हायला वेळ लागतो. नेमका तेव्हाच मोठा खर्च समोर असतो: पहिलं भाडं, अनामत रक्कम (ती मूळ भाड्याच्या तिप्पट इतकी असू शकते), गादी, पांघरूण, भांडी. म्हणून दीड-दोन हजार युरो वेगळे, फॉरेक्स कार्डवर ठेवा आणि थोडी रोकड जवळ असू द्या.

आता कोकणातल्या घरांसाठी खास मुद्दा. नोकरदारांच्या घरात पैसा दर महिन्याला येतो. आपल्याकडे तो हंगामाने येतो. आंब्याचा पैसा उन्हाळ्यात मिळतो. यांत्रिक नौकांची मासेमारी १ जून ते ३१ जुलै बंद असते. घरगुती खानावळ किंवा खोल्या भाड्याने देणाऱ्यांची कमाई दिवाळी, नाताळ आणि मे महिन्यात. तिकडे मात्र पुढच्या सेमेस्टरसाठी नाव कायम ठेवण्याची फी साधारण जानेवारी-फेब्रुवारीत आणि जुलै-ऑगस्टमध्ये भरायची असते. शहरानुसार ती १०० ते ४०० युरोंच्या दरम्यान असते, आणि बऱ्याच ठिकाणी त्यातच स्थानिक बस-रेल्वेचं तिकीट येतं. मुदत चुकली तर नाव कमी होऊ शकतं. मासेमारी बंद असताना या पैशांसाठी धावपळ नको, म्हणून दोन्ही हप्ते वर्षाच्या सुरुवातीलाच बाजूला काढून ठेवा.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, वर्षाच्या शेवटी निवास परवाना वाढवताना पुढच्या काळाच्या पैशाचा पुरावा पुन्हा द्यावा लागतो. "पहिल्या वर्षाचं भरलं, पुढचं मुलगा कमावून बघेल" या भरवशावर कोणाला पाठवू नका. आंब्याचं एक साल वाईट गेलं तर काय, हा हिशेब निघण्यापूर्वी घरात बसून मोकळेपणाने व्हायला हवा.

कागदावरचं नाव

आपल्या बोर्डाच्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. पासपोर्टवर क्रम वेगळा. तिथला कारकून पहिला शब्द म्हणजे पहिलं नाव असं धरतो आणि मग विमा एका नावाने, बँक दुसऱ्या नावाने असा घोळ सुरू होतो. नियम एकच: विद्यापीठ, विमा, बँक, भाडेकरार, सगळीकडे पासपोर्टवर जसं आहे अगदी तसंच. वडिलांचं नाव पासपोर्टात ज्या रकान्यात आहे त्याच रकान्यात. मूळ कागद हाताशी असलेल्या बॅगेत, आणि स्कॅन दोन ठिकाणी; एक संच घरी पेनड्राइव्हवर राहू दे.

बॅगेत काय, काय नाही

युरोपीय संघात बाहेरून मांसाचे आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. म्हणजे साजूक तूप, पेढे, खवा घातलेली मिठाई, सगळं बाद. ताजी फळं, भाज्या, पानं यांना वनस्पती आरोग्याचं प्रमाणपत्र लागतं, त्यामुळे हापूसची पेटी आणि ताजा कढीपत्ता दोन्ही घरीच ठेवा. या बाबतीत ते फार कडक आहेत: फळमाशीच्या कारणावरून २०१४ मध्ये भारतीय आंब्यावरच युरोपीय संघाने बंदी घातली होती, ती पुढच्या वर्षी उठली. प्रमाणपत्राशिवाय चालणारी फळं पाचच: अननस, नारळ, केळं, खजूर आणि ड्युरियन. नारळ चालतो म्हणून तो बॅगेत भरायची गरज नाही, तिकडे मिळतो. सुकं खोबरं तर मुळीच नको. त्यातल्या तेलामुळे ते आपोआप तापून पेट घेऊ शकतं, म्हणून विमान वाहतुकीत ते धोकादायक मालात धरतात.

नेण्यासारखं पुष्कळ आहे. सोलं (कोकम) जरूर न्या, आगळही चांगला बंद करून. मालवणी मसाला, गोडा मसाला, तिरफळं, मेतकूट, कुळथाची पिठी, भाजणी, आंबापोळी, फणसपोळी. तिरफळं आणि सोलं तिकडे मिळवणं कठीण. हळद, जिरं, मोहरी सहज मिळते, त्यात वजन घालवू नका. सुकी मासळी स्वतःसाठी २० किलोपर्यंत नेता येते, पण विचार करून न्या. चार जणांच्या सामाईक स्वयंपाकघरात सुकट भाजलीत तर पहिल्याच आठवड्यात संबंध बिघडतील. थोडे सोडे (सुकवलेली सोललेली कोलंबी), दोन पिशव्यांत घट्ट बांधून, तेवढं पुरे.

वीज इथल्यासारखीच २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ आहे. आपली बारीक दोन पिनांची प्लग चालते, तीन पिनांची चालत नाही. एक अडॅप्टर आणि इथलाच एक एक्स्टेंशन बोर्ड पुरतो. कुकर नेणार असाल तर सपाट बुडाचा, इंडक्शनवर चालणारा स्टीलचा घ्या. ॲल्युमिनियमचा साधा कुकर इंडक्शनवर तापत नाही.

औषधं तीन महिन्यांपुरती, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. चश्म्याची जास्तीची जोडी. जाड जॅकेट इथून घेऊ नका. मुंबईत मिळणारं "थंडीचं" जॅकेट तिथल्या जानेवारीला पुरत नाही. अंगालगत घालायचे थर्मल न्या, जॅकेट आणि बूट तिथेच घ्या.

पहिले पंधरा दिवस: आधी पत्ता

या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. जर्मनीत सगळं पत्त्यापासून सुरू होतं. क्रम असा आहे.

खोली मिळाली की घरमालकाकडून राहत असल्याचा सही केलेला दाखला घ्यायचा. त्याला वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग म्हणतात. उच्चार जमला नाही तरी छापील फॉर्म नगरपालिकेच्या संकेतस्थळावर मिळतो, तो मालकापुढे ठेवा. हा दाखला आणि पासपोर्ट घेऊन दोन आठवड्यांत नगरपालिकेत पत्त्याची नोंदणी, म्हणजे आनमेल्डुंग. मोठ्या शहरांत तिची वेळ लवकर मिळत नाही, म्हणून भारतातूनच ऑनलाइन वेळ घेऊन ठेवा. नोंदणीचा कागद मिळाला की बँकेत खातं, मग ब्लॉक्ड अकाउंटचे पैसे त्यात. नोंदणीनंतर काही आठवड्यांनी कराचा क्रमांक पोस्टाने येतो. नोकरी मिळाली की तो लागतो. शेवटी परदेशी नागरिकांच्या कार्यालयात निवास परवान्यासाठी अर्ज. तो व्हिसा संपण्याआधी गेलाच पाहिजे. अर्ज केल्याची पोच जपून ठेवा.

आरोग्य विमा या सगळ्याच्या समांतर चालतो. तिशीच्या आतल्या विद्यार्थ्यांनी सरकारी विमा घ्यावा असं मी ठामपणे सांगेन. महिन्याला १४० युरोंच्या आसपास जातात, जास्त वाटतात, पण दवाखान्यात खिशात हात घालावा लागत नाही. विमा असल्याचं ती कंपनी विद्यापीठाला परस्पर कळवते.

आणि पत्रपेटी. दारावरच्या पेटीवर तुमचं आडनाव लिहिलेलं नसेल तर पोस्टमन पत्र परत पाठवतो. आपल्याकडे पोस्टमन अण्णा वाडीचं नाव वाचून बरोबर घरी येतात. तिथे पेटीवरचं नाव हाच पत्ता. बँकेचं कार्ड, पिन, कराचा क्रमांक, विम्याचं कार्ड, सगळं पोस्टाने येतं. खोलीची किल्ली मिळाली त्याच दिवशी कागदाच्या पट्टीवर ठळक अक्षरांत आडनाव लिहून चिकटवा. दुसऱ्याच्या घरात उपभाडेकरू असाल तर त्याच्या नावाखाली तुमचं.

खोली शोधताना दोन भाडी दिसतील. काल्टमीटे म्हणजे नुसत्या जागेचं, वार्ममीटे म्हणजे हीटर, पाणी वगैरे धरून. तुलना नेहमी दुसऱ्याची करा, आणि वीज व इंटरनेट त्यात आहे का ते विचारा. विद्यार्थी वसतिगृहं सगळ्यांत स्वस्त. प्रवेशपत्र आलं त्याच दिवशी त्यांच्या प्रतीक्षायादीत नाव घाला. "मी परदेशात आहे, अनामत पाठवा, किल्ली कुरियरने पाठवतो" असं म्हणणारा प्रत्येक जण फसवणारा आहे असं समजा. खोली स्वतः किंवा ओळखीच्या माणसाने पाहिल्याशिवाय एक युरोही पाठवायचा नाही.

नोंदणीनंतर रेडिओ-टीव्हीच्या वर्गणीचं पत्र येईल: घरामागे महिन्याला १८.३६ युरो. घरात टीव्ही नसला तरी ते भरावेच लागतात. घर वाटून राहत असाल तर पूर्ण घराला एकच वर्गणी. आधीच कोणी भरत असेल तर त्याचा क्रमांक देऊन कळवा.

खोलीतलं राहणं

आपण दमट हवेत वाढलो. पावसाळ्यात चपला, पट्टे, पुस्तकं यांवर बुरशी चढलेली आपल्याला नवीन नाही. पण कारण उलटं आहे, ते समजून घ्या. इथे ओल बाहेरून येते, म्हणून आपण खिडक्या लावून घेतो. तिथे हिवाळ्यात बाहेरची हवा कोरडी असते आणि ओल आतून तयार होते: श्वास, आंघोळ, भाताची वाफ, खोलीत वाळत घातलेले कपडे. ती थंड भिंतीवर जमते आणि खिडकीच्या कडेला काळे ठिपके दिसू लागतात. उपाय म्हणजे दिवसातून दोन-तीनदा खिडकी पूर्ण उघडून पाच-दहा मिनिटं हवा बदलायची, तेवढा वेळ हीटर बंद. खिडकी दिवसभर किलकिली ठेवली तर भिंत गार पडते आणि हीटरचं बिल वाढतं. बुरशी लागली तर घर सोडताना अनामतीतून पैसे कापले जाऊ शकतात, म्हणून याकडे दुर्लक्ष नको.

हीटरच्या चक्रीवर १ ते ५ आकडे असतात. ३ म्हणजे साधारण २० अंश. ५ वर ठेवलं म्हणून खोली लवकर तापत नाही, जास्त वेळ तापत राहते. बाहेर जाताना पूर्ण बंद करू नका, थोडं खाली आणा.

रात्री दहा ते सकाळी सहा शांतता. रविवारी दिवसभर. रविवारी कपाटाला खिळे ठोकायचे नाहीत, काचेच्या बाटल्या रस्त्यावरच्या डब्यात टाकायच्या नाहीत. शेजारी येऊन सांगतात, आणि त्यांचं चूक नसतं. कचरा वेगळा: कागद, प्लास्टिकची वेष्टनं, ओला, उरलेला, आणि काच रंगाप्रमाणे. डब्यांचे रंग शहरागणिक थोडे बदलतात, म्हणून पहिल्या दिवशी घरातल्या कोणाला तरी विचारून घ्या. पाण्याच्या, सरबताच्या प्लास्टिक बाटल्या कधीच टाकू नका. विकत घेताना बाटलीमागे २५ सेंट अनामत घेतलेली असते, ती दुकानातल्या मशीनमध्ये बाटली घातली की परत मिळते. नळाचं पाणी पिण्यायोग्य आहे. बाटलीबंद पाणी घेण्याची गरजच नाही.

स्वयंपाक

इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण मुलं खचतात ती बहुधा जेवणावरून. दुपारी विद्यापीठाच्या मेन्झात, म्हणजे कँटीनमध्ये, विद्यार्थ्यांना सवलतीत पोटभर जेवण मिळतं. शाकाहारी पदार्थ रोज असतो. दुपारी तिथे आणि रात्री घरी, ही सर्वांत सुटसुटीत पद्धत.

रात्रीसाठी तीन प्रकारची दुकानं ओळखून घ्या. साध्या सुपरमार्केटात तांदूळ, कांदे, बटाटे, अंडी, दही, नारळाच्या दुधाचे डबे. तिथे "मिल्शराइस" नावाचा आखूड, जाडसर तांदूळ खिरीसाठी विकतात. स्वस्त असतो आणि त्याची पेज छान होते. तुर्की दुकानात मसूर, चणे, कोथिंबीर, पुदिना, भेंडी, वांगी, आणि मासळीच्या दुकानात आख्खा मासा. आणि तिसरं दुकान, जे आपल्या मुलांना सहसा कोणी सांगत नाही: श्रीलंकेच्या तमिळ लोकांचं. १९८० च्या दशकातल्या यादवीमुळे ते मोठ्या संख्येने जर्मनीत आले. त्यांचं जेवण आपल्या किनारपट्टीच्या जेवणाच्या फार जवळचं आहे: खवलेलं गोठवलेलं खोबरं, कढीपत्ता, लाल उकडा तांदूळ, सुकी मासळी. भारतीय दुकान बहुतेक उत्तरेकडच्या चवीचं असतं. मालवणच्या माणसाचं मन तमिळ दुकानात जास्त रमेल.

बांगडा मागाल तर तिथला मॅकरेल मिळेल. जातकुळी तीच, पण अटलांटिकचा तो मासा जास्त तेलकट असतो. तिखल्याला चांगला लागतो. तळायला घेतलात तर तेल कमी घाला. सामाईक स्वयंपाकघरात मासे करायचे असतील तर आधी सांगा, दार लावा, खिडकी उघडा आणि झाल्यावर लगेच ओटा धुवा. कालवणाची एक वाटी पुढे केलीत तर पुढच्या वेळी तेच विचारतील.

फोडणीची काळजी घ्या. धूर ओळखणारी यंत्रं संवेदनशील असतात, आणि काही वसतिगृहांत ती वाजली की थेट अग्निशमन दल येतं. तेल धुरावेपर्यंत तापवू नका, मिरच्या भाजायच्या असतील तर खिडकीजवळ.

दुकानं रविवारी बंद. कायद्यानेच. मोठ्या रेल्वे स्थानकातली दुकानं आणि सकाळी बेकऱ्या उघड्या असतात, बाकी शुकशुकाट. शनिवारी संध्याकाळपर्यंत आठवड्याचं सामान भरायची सवय लावा. रविवारी दुपारी आठवड्याची एक आमटी, एक उसळ करून ठेवली की बुधवारपर्यंत सुटका.

वर्ग आणि परीक्षा

वेळापत्रकात वेळेपुढे सी.टी. अशी खूण असेल तर व्याख्यान पंधरा मिनिटांनी सुरू होतं, एस.टी. असेल तर ठोक्याला. व्याख्यान संपल्यावर सगळे बाकावर बोटांनी टकटक करतात, ती टाळ्यांची पद्धत आहे. प्राध्यापकांना हेर (श्री.) किंवा फ्राऊ (श्रीमती) आणि आडनाव अशीच हाक.

व्याख्यानांना बहुधा हजेरी नसते. चाचण्या नाहीत, वह्या तपासणं नाही, पालकांना फोन नाही. संपूर्ण गुण शेवटच्या एका परीक्षेवर. आपल्याकडे सर पाठीस लागतात म्हणून अभ्यास होतो. तिथे नोव्हेंबर कधी गेला कळतही नाही. सेमेस्टरला ३० क्रेडिट, आणि एका क्रेडिटला २५ ते ३० तासांचं काम धरलेलं असतं, म्हणजे आठवड्याला पूर्ण वेळच्या नोकरीइतका अभ्यास. पहिल्या आठवड्यातच वाचनालयातली एक जागा आणि दोन अभ्यासाचे सोबती ठरवा.

परीक्षेसाठी वेगळी ऑनलाइन नोंदणी करावी लागते आणि तिची मुदत परीक्षेच्या कितीतरी आधी संपते. गुण १.० ते ५.०, १.० सर्वोत्तम, ४.० उत्तीर्ण. एका विषयाला बहुतेक ठिकाणी तीनच संधी असतात. तिसऱ्यांदाही नापास झालात तर तो अभ्यासक्रम सोडावा लागू शकतो, आणि मग तोच विषय देशात दुसरीकडेही घेता येत नाही. म्हणून तयारी नसताना "बसून तर बघू" हा विचार नको. मुदतीत नाव मागे घ्या. परीक्षेच्या दिवशी आजारी असाल तर त्याच दिवशी डॉक्टरांचा दाखला घ्या.

इंग्रजीत अभ्यासक्रम असला तरी जर्मन शिकाच. मराठी माध्यमातली मुलं वर्गात गप्प बसतात असं मी पुष्कळदा पाहिलं. तुमचं व्याकरण कोणी मोजत नाही. प्राध्यापकांच्या भेटीच्या वेळा ठरलेल्या असतात. प्रश्न कागदावर लिहून जा.

काम

वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं. सेमेस्टर चालू असताना आठवड्याला २० तासांच्या आत राहा, नाहीतर विद्यार्थी म्हणून विम्याची सवलत जाते. २०२६ पासून किमान वेतन ताशी १३.९० युरो आहे. स्वतःच्या नावावर धंदा किंवा फ्रीलान्स काम परवानगीशिवाय चालत नाही. पहिलं सेमेस्टर शक्यतो काम न करता काढा. दुसऱ्यापासून विद्यापीठातलंच सहायकाचं काम मिळतं का बघा. पगार थोडका, पण शिकायला मिळतं आणि वेळ सांभाळून घेतात.

आजारपण

ताप आला नसतानाच घराजवळचा डॉक्टर शोधून नाव नोंदवा. रात्री-अपरात्री, जिवावरचं नसेल तर ११६११७. जिवावरचं असेल तर ११२. पॅरासिटामॉल फक्त औषधांच्या दुकानातच मिळते, अँटिबायोटिक चिठ्ठीशिवाय अजिबात नाही. दुसऱ्याच्या नुकसानीची भरपाई देणारा हाफ्टफ्लिख्ट विमा थोड्या युरोंत मिळतो, तो घ्या. वसतिगृहाची किल्ली हरवली तर पूर्ण इमारतीची कुलुपं बदलण्याचा खर्च अंगावर येऊ शकतो, त्यासाठीच तो असतो.

अंधार

थंडी सोसते, अंधार सोसत नाही. डिसेंबरात बर्लिनला दुपारी चारच्या आतच सूर्य मावळतो. दिवस पावणेआठ तासांचाही नसतो. आपल्याकडे ऐन थंडीतही अकरा तास ऊन असतं. मे महिन्यात घरात आगोट भरतात तशी या अंधाराची बेगमी ऑक्टोबरमध्येच करा. रोज दुपारी उजेड असताना अर्धा तास बाहेर चालायचं, पाऊस असला तरी. संध्याकाळसाठी आठवड्यातले दोन दिवस माणसांत जायचं ठरवून टाका: विद्यापीठाचे खेळाचे वर्ग अगदी स्वस्त असतात, आणि मोठ्या शहरांत महाराष्ट्र मंडळं आहेत. दोन-तीन आठवडे झोप, भूक, अभ्यास सगळंच बिघडलं तर विद्यार्थ्यांसाठीच्या समुपदेशन केंद्रात जा. ते मोफत असतं आणि घरी कळवत नाहीत.

घराशी बोलणं

उन्हाळ्यात तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे, हिवाळ्यात साडेचार. वर्ग संपवून संध्याकाळी सहाला फोन केला तर हिवाळ्यात घरी साडेदहा वाजलेले असतात आणि आजी झोपलेली असते. त्यापेक्षा दुपारी एकला करा. घरी साडेपाच, चहाची वेळ. "जेवलास काय रे?" याला खरं उत्तर द्या. काही मुलं महिनोन् महिने "सगळं ठीक" एवढंच म्हणतात आणि मग एकदम कोसळतात.

जूनच्या पहिल्या पावसात लाईट जाते, टॉवर बंद पडतो, दोन दिवस फोन लागत नाही. मुलाला तिथे फक्त व्हॉट्सॲपवर फिरणारे पुराचे व्हिडिओ दिसतात. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्याला धडकलं, २२ जुलै २०२१ ला चिपळूण पाण्याखाली गेलं; दोन्ही वेळा संपर्क तुटला होता. म्हणून निघण्यापूर्वीच ठरवा: घरचा फोन लागला नाही तर कोणाला विचारायचं? किनाऱ्यापासून लांब, पुण्यातला किंवा कोल्हापुरातला एक नातेवाईक नेमा, आणि घरच्यांनीही लाईन मिळताच पहिला निरोप त्यालाच द्यायचा.

आणखी एक बोलणं अवघड आहे, पण करा. घरात कोणी फार आजारी पडलं किंवा गेलं तर मुलाला लगेच सांगायचं की परीक्षा झाल्यावर? मुलांचं उत्तर बहुतेक वेळा "लगेच सांगा" असतं, आणि आईवडिलांना ते लपवावंसं वाटतं. निघण्याआधी मुलालाच विचारा आणि दिलेला शब्द पाळा.

पहिली सुट्टी

फेब्रुवारीच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत व्याख्यानं नसतात. शिमगा याच काळात येतो, म्हणून पहिल्यांदा घरी यायला ही वेळ सोयीची. पण तिकीट काढण्यापूर्वी दोन गोष्टी बघा. परीक्षा फेब्रुवारीत संपत नाहीत; काही विषयांच्या मार्चमध्ये असतात आणि तारखा उशिरा लागतात. आणि व्हिसाची मुदत संपत आली असेल तर निवास परवान्याचं कार्ड हातात आल्याशिवाय देश सोडू नका. नुसत्या अर्जाच्या पोचीवर परत प्रवेश मिळेलच असं नाही. कार्ड तयार व्हायला काही आठवडे लागतात, त्यामुळे मार्चमध्ये घरी यायचं असेल तर अर्ज नोव्हेंबरातच गेलेला बरा. येण्याआधी पुढच्या सेमेस्टरची फी भरा, हीटर बर्फाच्या खुणेवर ठेवा, आणि पत्रपेटी उघडायला एका सोबत्याकडे किल्ली देऊन या.